मालकाची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि तरी याच गोष्टीचं खोटं रूप मी दरवर्षी वर्गभर पोरांना सांगते, फळ्याशी उभी राहून, मोठ्या आवाजात.

मी हिंगोलीत पहिल्या वर्षाला व्यवस्थापन शिकवते. संप्रेषणातले अडथळे हा धडा आला, की माझं उदाहरण ठरलेलं असतं. हळदीच्या गोदामातली नवी सुपरवायझर एका कामगार बाईबद्दल म्हणाली, ‘ती मालकाची आहे.’ तिला म्हणायचं होतं, व्यवस्थापनाच्या बाजूची. पुरुषाला नाही का आपण ‘मालकाचा माणूस’ म्हणत? पण बायकांनी भलताच अर्थ घेतला आणि त्या बाईची अब्रू गेली. पोरं आधी हसतात, मग माना हलवतात. ती सुपरवायझर मीच होते, हेही सांगते. केवढा हा प्रामाणिकपणा!

ते खोटं आहे. कुठला भाग खोटा — थांबा, सांगते.

डिग्री घेऊन नुकतीच लागले होते. गोदामात बारा बायका हळद निवडायच्या. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे. हुकूम माझा, पण ऐकायच्या सरूबाईचं. दुपारी तिनं भाकरीचं फडकं पसरलं की बाराही जणी उठायच्या, माझी घंटा होवो न होवो. गटाचा खरा पुढारी खुर्चीवर नसतो, त्याला सोबत घ्यावं, असं पुस्तकात होतं. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

एकदा मालकासमोर मी पोती भरायला सांगितली. सरूबाईनं एक हळकुंड कानाजवळ धरून मोडलं. आवाज आला नाही. म्हणाली, ‘‘मॅडम, ही अजून वली हाय. पुस्तकात वाळली असंल.’’ सगळ्या हसल्या, मालकही हसला. तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर होतं, हेच तर मला सहन झालं नाही.

पुढच्याच आठवड्यात ती मालकाच्या खोलीत गेली. बायकांच्या संडासाला कडी नव्हती, तेवढं सांगायला. सगळ्यांच्या वतीनं, एकटी. जरा वेळ लागला तिला. बाहेर निवडायला बसलेल्यांतली गया मला म्हणाली, ‘‘काहून इतका वेळ लागून राहिला?’’ आणि मी म्हणाले, ‘‘सरूबाई मालकाचीच आहे गं.’’

आता तुम्हीच सांगा — इथल्याच शिरड शहापुरात वाढलेली मी. बाईला मालकाची म्हटलं की काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं? आणि बाराजणींत मी हे गयापाशीच काहून बोलले? गया सरूबाईची नणंद होती. शब्द कुणाच्या तोंडून कुठल्या घरात जाईल, याचा हिशेब मी ते वाक्य पुरं व्हायच्या आत केला होता. अडथळा कसला आलाय त्यात? मला पोचवायचं होतं, तेच पोचलं.

तिसऱ्या दिवशी सरूबाईनं फडकं पसरलं आणि कुणीच उठलं नाही. ती उठली. मग सरळ माझ्यापाशी आली, सगळ्यांदेखत. ‘‘मॅडम, तुमी काय म्हणल्या ते इथंच सांगा. घरात मला उभं करून न्हाई राहिले. तुमी सांगितलं की समदं बराबर होईल.’’

एक वाक्य हवं होतं. बायका माझ्याकडे बघत होत्या, गयासुद्धा. मी हातातल्या वहीकडे बघत म्हणाले, ‘‘कामाच्या वेळात घरगुती विषय नकोत.’’

तिनं फडकं घडी केलं, काखेत घेतलं आणि गेली. त्यानंतर घरच्यांनी तिला कुठंच कामाला जाऊ दिलं नाही, एवढं कानावर आलं. कडी बसली. बायका माझ्या घंटेवर उठू लागल्या. मालकानं कामाचा दाखला फार छान लिहून दिला, आणि या नोकरीच्या मुलाखतीत तोच मी पुढे केला.

मी तेव्हा लहान होते, असं म्हणू नका. बाईच बाईची अमुक-तमुक, असलंही काही नको. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. मला राग आला होता आणि तो मी काढला. रडून दाखवणार नाही. मी रडलेच नाही कधी. शिकवते चांगलं, पुढेही चांगलंच शिकवीन. वाईट बाईला चांगलं शिकवता येत नाही, असं कुठं आहे?

यंदा मात्र एक झालं. उदाहरण संपलं तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘मॅडम, मग त्या बाईला नंतर कोणी सांगितलं का, की ते चुकून झालतं म्हणून?’’

‘‘हो, सांगितलं ना,’’ मी म्हणाले. तिला बरं वाटलं. तिनं ते वहीत लिहूनही घेतलं.

कुणी सांगितलं नाही. सरूबाईचं घर मला माहीत आहे, रिक्षानं दहा मिनिटं लागत नाहीत. पण जाऊन सांगू काय? चुकून झालंच नव्हतं.