हद्दीवरची रांगोळी

आयटीत नोकरी करणाऱ्यांना एक खोड लागते: काही बिघडलं की दुरुस्त करण्याआधी ‘कुणी केलं’ हे शोधायचं. हिंजवडीच्या ऑफिसात या खोडीचं कौतुक व्हायचं. पण खडकवासल्याच्या पुढे, एका गावाच्या टोकाला आम्ही नवराबायकोनं जुनं घर आणि आठ गुंठे जमीन घेतली, तिथे ती मला चांगलीच भोवली.

त्या वर्षी पाऊस वेळेवर थांबला होता. ऑक्टोबरच्या उन्हात बांधावर कुर्डूचे तुरे उभे होते, त्यांच्यावर चतुर भिरभिरत होते. शेपटी नाचवत धोबी पक्षी येऊन दाखल झाले होते. सीताफळांचे डोळे उघडू लागले होते. दोडका तर इतका उतरला की मी पिशवी घेऊन ऑफिसात शिरले की लोकांना अचानक मीटिंगा आठवायच्या.

पण माझा जीव रताळ्यांत होता. वेल दिले होते शेजारच्या मावशींनी. साठी उलटलेल्या, नवऱ्यामागे एकटीनं शेत ओढणाऱ्या बाई. त्यांच्या विहिरीवरून एक काळा पाइप आमच्या टाकीत यायचा. आमचं सगळं पाणी तेच. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. नवरात्राच्या उपासाला पहिली रताळी त्यांनाच द्यायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी सकाळी बघते तर तीन वेल उकरलेले, रताळी अर्धवट कुरतडलेली. नवरा म्हणाला, “घूस.” मावशी म्हणाल्या, “डुक्कर आसंल.” पुरावा द्यायची गरज दोघांनाही वाटली नाही.

मला वाटली. संध्याकाळी मी बांधालगत हातभर रुंद पट्ट्यात रांगोळी चाळून ठेवली. सकाळी पाहिलं तर काय रहदारी! तित्तिराची बोटं, मुंगसाची नेटकी पावलं आणि मधोमध लहान मुलाच्या तळव्यासारखे ठसे, त्यांच्यामागे केरसुणी ओढल्यासारख्या रेघा. कुंपणापाशी एक काळापांढरा काटा पडला होता. साळिंदर! मी अक्षरशः नाचले. फोटोत ठसे उठून दिसावेत म्हणून प्रत्येकाशेजारी चिमूटभर कुंकू टाकलं. आकार कळावा म्हणून एक लिंबू ठेवलं. फोटो काढले आणि सगळं तसंच टाकून ऑफिसला पळाले.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, हे माझ्या गावीही नव्हतं.

परत आले तर टाकीतला पाइप काढलेला, पलीकडे विहिरीपाशी गुंडाळून ठेवलेला. हाका मारल्या, मावशींनी ओ दिली नाही. शेवटी दूधवाल्यानं सांगितलं, “तुमी हद्दीवर करणी केली म्हनत्यात. त्यांच्या म्हशीनं सकाळी पान्हा चोरला.”

आधी मला हसू आलं, मग रडू. पाणी काय, कॅन भरून स्कूटरवरून आणता आलं असतं. पण त्या गावात मला ‘आलीस का गं’ म्हणणारं माणूस एकच होतं.

खुलासा करायला मी तो काटा घेऊन गेले. मावशी दोन पावलं मागं सरकल्या. “तो आधी भाईर टाक! साळिंदराच्या काट्यानं घरात भांडनं लागत्यात!”

म्हणजे आणलेला पुरावाही माझ्यावरच उलटला. मी काटा दूर भिरकावला आणि म्हणाले, “मावशी, तुमच्या चुलीतली राख घ्या, चाळणी तुमची. तुमच्या बाजूनं तुमच्या हातानं पसरा. मी फिरकतही नाही. सकाळी काय दिसतं ते तुम्हीच बघा.”

त्यांनी दार लोटून घेतलं. तीन दिवस आम्ही कॅन वाहिले. चौथ्या दिवशी सकाळी बांधावरून हाक आली, “अगं ये पोरी, लवकर ये!”

मी धावले. मावशी राखेच्या पट्ट्याशी उकिडव्या बसल्या होत्या. “ह्यो ससा. हे तुजं साळिंदर. आन् हे बारकं बग, पिल्लू हाय त्येचं!” त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता. “चाळीस वर्सं ह्या बांधावर हाय मी. येवढी वर्दळ आसती, ठावंच न्हवतं.”

मला धीर आला. विचारलं, “मावशी, मी तुमचं वाईट का करीन?”

“शेरातली मानसं एक तुकडा घेत्यात, मंग शेजारचा मागत्यात,” त्या राखेकडेच बघत म्हणाल्या. “मला वाटलं, ही मागायच्या आदीच मला घालवाय बसली.”

 आदल्याच आठवड्यात, चहा पिताना, त्यांच्या रानाकडे बोट दाखवून मी नवऱ्याला म्हणाले होते, “तेवढं मिळालं तर पेरूची बाग काय सुरेख होईल ना?” त्याच्याशिवाय ते कुणी ऐकलं नव्हतं. तरी माझे कान तापले.

मावशी उठल्या, विहिरीपाशी गेल्या आणि पाइप उलगडू लागल्या. उलगडता उलगडता राखेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आन् ह्यो कुनाचा गं?”

मी वाकून पाहिलं. सगळ्यांत ठसठशीत ठसा होता तो. घाईत धावत येताना पडलेला, माझ्या चपलेचा, बांधाच्या पलीकडे, त्यांच्या हद्दीत.