आठवड्याची गोळी रोज

“दीदी, ये कॅप्सूल रोज कौन दे रहा था?” डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं.

“मीच,” म्हटलं मी.

रिपोर्टात हायपरकॅल्सेमिया निघाला होता, म्हणजे रक्तात कॅल्शियम फार वाढणं. व्हिटॅमिन डी अति झालं की असं होते. ह्यांची किडनी मंदावली होती.

आमचे हे उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये, लोखंड तापवायच्या भट्टीवर कामाले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. तेव्हा व्हिटॅमिन डी अगदीच कमी निघालं. डॉक्टरांनी आठ कॅप्सूल लिहिल्या, आठवड्यातून एक. मले वाटलं, असं आठवड्यानं कधी भरून निघायचं? त्याआधी पुन्हा लाट आली तं? मी रोज दुधासोबत देऊ लागले. संपल्या की मेडिकलवाला चिठ्ठी न पाहताच देत होता.

हे कुरकुरायचे, “भट्टीजवळ एवढा शेकतो, अजून कोणतं ऊन पाहिजे?”

“आग अन् ऊन एकच आहे का? गिळा मुकाट्यानं!”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी गत माही.

अडीच महिन्यांनी ह्यांचं जेवण सुटलं, तहान भागेना. एका सकाळी मलेच विचारलं, “बाई, तुम्ही कोण?” मले वाटलं, कोरोनाच परतला. पण टेस्ट निगेटिव्ह, एक्स-रे साफ. मग रक्त तपासलं, अन् चोर घरातच सापडला.

सलाईन सुरू झालं. रोज सकाळी क्रिएटिनिन काढत, किडनी किती काम करते ते त्यात कळते. आकडा येईपर्यंत मी बाकावरून उठत नव्हते. माणूस कोरोनातून वाचला अन् मी मारून राहिली, हेच डोक्यात.

डॉक्टरांनी समजावलं, श्वासाच्या विषाणूशी लढायला शरीराले व्हिटॅमिन डी लागते, म्हणून कमी असलं तं भरून काढायचं. भरल्यावर आणखी दिल्यानं विषाणू पळत नाही. ते चरबीत साठते अन् निघायले कितीतरी आठवडे लागतात. बायांनो, भीतीपोटी माह्यासारखं करू नका.

पाचव्या दिवशी आकडा उतरला. हळूहळू ह्यांले सगळी ओळख आली. देवासारखे डॉक्टर भेटले.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी सिस्टर औषधं समजावू लागली. मी आमच्या पोरीले पुढे केलं अन् मागे सरकले. हे पलंगावरून म्हणाले, “तिच्याजवळ काहून? माह्या बायकोजवळ द्या. तीच देईन मले.”

मले रडू आवरेना. पिशवी घेतली अन् चिठ्ठी सिस्टरकडून दोनदा वाचून घेतली.