नातीचा फ्लेक्स उतरवायला अकोल्याला

आम्ही संगमनेरच्या पुढच्या अकोल्याला निघालो ते भंडारदऱ्याचं धरण बघायला नव्हे, फ्लेक्स उतरवायला.

धाकटा मुलगा शांतवन तिकडं मास्तर आहे. त्याचा फोन आला, "आई, पोरीचं असं स्वागत केलंय ना! स्टँडसमोर धा फुटी फ्लेक्स लावलाय. तिचा तो मोर्च्यातला फोटू, हातात पाटी धरलेला!"

पोरगी म्हणजे माझी नात, थोरल्याची मुलगी. अमेरिकेत इतिहास शिकते आणि सुट्टीला सोनईला आलेली. ते ऐकून ती चहा तसाच टाकून उठली. व्हिसा संपलेला, आठवड्यानं मुंबईला नव्या व्हिसाची मुलाखत. हल्ली तिथलं सरकार शिकणाऱ्या पोरांची फेसबुक-इन्स्टाची खाती उघडी ठेवायला लावतं आणि कोण काय बोललं ते बघत बसतं. हिच्या कॉलेजातल्या एका मुलानं सरकारविरुद्ध लेख लिहिला, तर त्याला रस्त्यातून धरून नेलं. तेव्हा ही "लिहिलं म्हणून माणूस धरू नका" अशी पाटी घेऊन उभी राहिली होती. इथं आल्यावर तिनं तो फोटो सगळीकडून पुसला होता. आणि काकानं आपल्या मोबाईलमधला तोच फोटो चौकात टांगला. कुणी मोबाईलवर चढवला की संपलं, शिक्षण अर्ध्यात.

मी शांतवनला म्हटलं, काढ तो. तर म्हणतो, "काढला तर लोक म्हणतील पोरगी नापास झाली."

"मग उद्या आमीच येतो," मी म्हटलं. "कात्री घेऊन."

सकाळी सोनईहून राहुरीला एसटीनं गेलो. बायकांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तेही नाही. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, कंडक्टर सुरकुत्या मोजत नाही. मागच्या चाकावर बसू नका. रस्ता असा की कंबर राहुरीत राहते आणि आपण लोणीला पोचतो. लोणीला गाडी बदलून संगमनेर धरलं. भाकरी आणि ठेचा घरून नेलेला बरा.

गाडीत नात मोबाईलवर तो फोटो कुठं चढलाय का ते शोधत होती. मी विचारलं, "एवढा मोठा देश, त्याला तुज्या पाटीचं भ्या वाटतं व्हय?"

"हे तिथं नवीन नाही, आज्जी," ती म्हणाली. "पहिल्या महायुद्धात एका पुढाऱ्यानं युद्धाविरुद्ध भाषण केलं, त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्या युद्धात जपानी वंशाची माणसं घरातून उचलून छावण्यांत कोंडली. तिथंच जन्मलेली पोरंसुद्धा. पुढं कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयानं मास्तरांच्या नोकऱ्या घालवल्या."

"मग?"

"जपान्यांची माफी मागितली की. चाळीसेक वर्षांनी."

"लई लवकर."

पुढच्या बाकावरचा टोपीवाला मागं वळला. "आजी, अमेरिकेत असलं चालतं? मग आपनच बरे."

"आणीबाणीत कुठं हुता तुमी?"

"जन्मलो न्हवतो."

"म्हनून बरे."

मग त्याला सांगितलं. माझा नवरा मास्तर. नसबंदीला माणसं आणा, नाहीतर पगार बंद, असा वरून हुकूम. जीपचा आवाज आला की गडी माणसं उसात शिरायची. आणि असल्याच एसटीत कुणी सरकारचं नाव घेत नव्हतं, कारण शेजारी कोण बसलाय ते कुणाला ठाऊक? टोपीवाल्यानं शेजाऱ्याकडं एकदा बघितलं आणि खिडकीतून शेतं बघायला लागला.

संगमनेर सोडलं की हवा बदलते. अकोल्याच्या अंगाला भाताची खाचरं सुरू होतात, आमच्याकडच्या उसापेक्षा डोळ्यांना थंड. नातीनं मात्र काही बघितलं नाही. अकोल्यात उतरताना तिनं ओढणी तोंडावर ओढली.

समोरच फ्लेक्स. वर पुढाऱ्यांचे पुढारी, त्याखाली पुढारी. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल लावून फोन कानाला धरलेली. मध्ये एक गोरीपान बाई, लिपस्टिक लावलेली.

"ही कोन?" मी विचारलं.

"मीच असेन," नात म्हणाली.

पाटी कुठं दिसेना. नीट बघितलं तर एका शुभेच्छुकाचं डोकं बरोबर तिच्यावर बसलेलं. अक्षर दिसत नव्हतं. नातीचं नावही नव्हतं. मोठ्ठ्या अक्षरात होतं, "शांतवन सर यांच्या पुतणीचे हार्दिक स्वागत."

ती स्टँडच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मी कात्री पिशवीत घातली.

शांतवन धावत आला, लावल्यापासून पहिल्यांदाच नीट वर बघून हिरमुसला. "पाटी कुठं गेली? मी तर फ्लेक्सवाल्याला निस्तं म्हटलं, सगळ्यांचे फोटू बसव."

"बसवलेत बाबा," मी म्हटलं.

"काढू का आता?"

"राहू द्या काका. एवढी सुरक्षित मी कुठंच नसते."

दुसऱ्या दिवशी जीपनं भंडारदरा. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊ नका. धरण भरलेलं, पाऊस बारीक, भाजलेलं कणीस गरम. नात पाण्याकडं बघून मोकळ्यानं ओरडली. मला तिचा आवाज घरात ऐकू येईनासा झाला होता, तो तिथं आला. पाण्याचं कौतुक तुम्ही तुमचं जाऊन करा, मी तिच्याकडंच बघत होते.

मुंबईची मुलाखत झाली. साहेबानं काय शिकतेस, परत कधी येणार, एवढं विचारलं. व्हिसा मिळाला. तिकडच्या विमानतळावर फोन बघतील म्हणून आम्ही सगळे जागे, पण कुणी मागितला नाही. "पोचले, जेवले," असा तिचा फोन आला तेव्हा मला भूक लागली.

हे लिहिलेलं फेसबुकवर चढवायच्या आधी तिला फोनवर वाचून दाखवलं.

"आज्जी, माझं नाव काढ."

काढलं.

"काकाचंही."

दुसरं घातलं. शांतवन नावाचा मुलगा मला नाही.

"आणि पाटीवर काय होतं ते?"

"ते तसंच ऱ्हाईल," मी म्हटलं.

तिनं ती ओळ मला पुन्हा एकदा वाचायला लावली.

"राहू दे," ती म्हणाली.