बोटीला धुरी

मंडळी, हाताला सीलंट चिकटलंय, तरी लिहितेच.

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर माझी जुनी शिडाची बोट आहे. तिचा डेक गळतो. खिडकीच्या कडा दोनदा बुजवल्या, तरी केबिनमधली गादी ओलीच. "ताई, भंगारात दे," धाकट्या भावाचं आजही तेच.

मग गळती नेमकी कुठे ते शोधायला मी केबिनमध्ये पेटतं धुपाटणं ठेवलं, खिडक्या लावल्या आणि दारातून टेबल फॅनने वारा आत कोंबला.

शेजारी जाळं शिवणारी मावशी ओरडली, "काय गो, होडी बाळंत झाली काय? धुरी देतेस ती!"

तेवढ्यात डेकवर धूर निघाला. खिडकीपाशी नाही, पार पुढे, कठड्याच्या खांबाच्या बुडाशी! पाणी तिथून शिरायचं आणि आतल्या आत वाहत खिडकीशी टपकायचं.

"बघ, अजून एक भोक! आता तरी विक," भाऊ म्हणाला.

मी त्याच्या हातात पाना दिला. "खाली जा, नट धर." खांब काढला, जुना चिकटा खरवडला, नवं सीलंट भरून परत बसवला.

परळच्या चाळीत आमचं छप्पर गळायचं तेव्हा बाबा वर चढायचे, भंगारवाल्याला हाक मारायचे नाहीत. गळतं म्हणून टाकायचंच असतं, तर सांगा, गिरणगावात राहिलं कोण असतं?