दोन्या एदुविनांचं तेहोचं कोपर

आमच्या सान रोके गावात नवरा दिवसभर कुठे होता हे बायकोला जाणून घ्यायचं असेल, तर ती त्याच्याशी वाद घालत बसत नसे. त्याचा हात दुखायची वाट बघायची आणि मग त्याला दोन्या एदुविनांकडे घेऊन जायची.

दोन्या एदुविना सानाब्रिया म्हणजे आमच्या गावच्या चोळणाऱ्या; वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. लचक, उसण, चढलेली शीर, निखळलेला खांदा, सगळं त्यांच्याकडे. पण खरी कीर्ती कोपरांची. शनिवारी बाजाराला आलेली माणसं आधी त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीभोवतीच्या बाकांवर येऊन बसायची. आलेल्याचा हात त्या स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अंगठा टेकवायच्या आणि डोळे मिटायच्या. काय झालं, कसं झालं, एक अक्षर विचारायच्या नाहीत. दुखणेकरी मात्र घरून सगळं पाठ करून आलेला असायचा.

"दोन्या, बटाटे काढून काढून झालंय बघा."

"बटाट्याचं दुखणं खाली असतं, मनगटाच्या बाजूला," त्या डोळे न उघडता म्हणायच्या. "हे वर आहे. हे तेहोचं."

मागे उभी असलेली बायको मग नवऱ्याकडे अशी काही बघायची की त्याला कोपराचा विसर पडायचा.

तेहो हा आमचा खेळ, आणि गावातलं त्याचं मैदान माझं. त्यामुळे या बाईंशी माझं सूत जमणं कठीणच होतं. तळहातात मावेल अशी जड लोखंडी चकती पटांगणाच्या या टोकावरून त्या टोकाच्या ओल्या मातीत फेकायची. मातीत एक कडं रुतवलेलं, कड्यावर बारुदाच्या पुड्या. पुडी फुटली की धडाम, आणि हरणाऱ्याने सगळ्यांना बियर पाजायची. हे सगळं एका हाताने करायचं असतं, कारण दुसऱ्या हातात बाटली असते. माझ्याकडे कोपर मोडायचं आणि त्यांच्याकडे ते नीट व्हायचं. खरं म्हणजे आमचा धंदा एकच होता, पण असं त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

त्यांचा अंगठा मी स्वतः सोसला आहे. मेंढीची चरबी आणि आर्निकाचा पाला चुलीवर कोमट करायच्या, कोपराला माखायच्या आणि हाडाला लागून जी दोरीसारखी शीर असते तिच्यावर अंगठ्याने आडवं चोळायला लागायच्या. उभं नाही, आडवं. डोळ्यांत पाणी आलं की गप्पा सुरू करायच्या: गाईला काय झालं, मुलगी कधी येणार. तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं की तेवढ्यात मनगट खाली दुमडून हात झटकन सरळ करायच्या. कट्. तुम्ही किंचाळायच्या आत त्या हात लोकरीत गुंडाळत असायच्या. थंड पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही, तेहो तर अजिबात नाही. यातला थंड पाण्याचा नियम पुरुष फार निष्ठेने पाळायचे. घरात भांडी पडली की लगेच त्यांचं कोपर आठवायचं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गिरणीपाशी, दोन्या बेलार्मिना सेली राहायच्या. त्याही चोळणाऱ्या. दोघी एकाच म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकल्या होत्या, आणि एदुविनांच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या त्या बेलार्मिनाच. म्हणजे दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, आणि आमच्याकडे ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा तसूभरही कमी नसतं. पण त्याच बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत, डुक्कर भाजून होईपर्यंत, दोघींची जुंपली. एदुविना फक्त अंगठ्याने चोळायच्या. बेलार्मिना मनगट ते कोपर अशी हाताची नळी टेकवून अख्ख्या अंगाचा भार टाकायच्या.

"अंगठ्याने रगडत राहिलीस ना," बेलार्मिना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तर एक दिवस स्वतःचंच कोपर घेऊन माझ्या दारात येशील."

"मी दारात आले तर समज की तुझ्या खालून कुणाला तरी ओढून काढायला आलेय," एदुविना म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणू लागल्या. चर्चच्या पायरीवर मान हलवायची, तब्येत विचारायची आणि पुढे जायचं. ती बाप्तिस्म्याची पोर शिकून शहरात गेली, तिचं लग्न झालं, तरी या दोघींचं 'तुम्ही' काही सुटलं नाही.

आणि मग गेल्या वर्षी, सणाच्या आधी, एका सकाळी दोन्या एदुविना माझ्या मैदानावर आल्या. मी मातीवर पाणी मारत होतो. एवढ्या लवकर तिथे कोंबड्यांशिवाय कुणी नसतं.

"अनानियास," त्या म्हणाल्या, "मला तेहो शिकव."

मी पाण्याचा डबा खाली ठेवला. "दोन्या, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी असती तर तुझ्या दारात आले असते का, मेल्या? कोपर गेलंय."

उजवा हात त्यांनी शालीच्या आत पोटाशी धरला होता. गरम चॉकलेटचं भांडंसुद्धा उचलवत नव्हतं. डाव्या हाताने चोळून पाहिलं, पण स्वतःचं कोपर स्वतःला नीट धरता येत नाही. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने करपलेलं पातेलं घासावं तसं घासलं.

"मग गिरणीवरच्या दोन्या बेलार्मिना..." मी चाचरत म्हणालो.

"तिच्याकडेच जायचंय. दुसरं आहे कोण? पण ती अंगठा ठेवेल आणि तिला कळेल. हे चोळण्याचं दुखणं आहे हे ती एका श्वासात ओळखेल. आणि मग?"

मग काय, हे मलाही कळत होतं. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत गावभर झालं असतं की एदुविनांची चोळण्याची रीतच चुकीची, स्वतःच्याच अंगाशी आली.

"म्हणून मला या कोपरात तेहो भरायचाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेहोने हात जाणं यात काही कमीपणा नाही. निम्म्या गावाचा गेलाय."

"पण दोन्या, असं दुखणं बदलतं का?"

"तू चकती दे. दुखणं कुठे येतंय ते मी सांगते."

पहिली चकती कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. दुसरी छपरावर. कौल फुटलं ते फुटलं, वर त्याबद्दल बोलणीही मीच खाल्ली, कारण छप्पर म्हणे फार पुढे काढलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र चकती सरळ गेली, कड्याला लागली आणि पुडी फुटली. दोन्यांनी आधी छातीवर क्रूस काढला, मग इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अजून एक लाव."

पुढे पुढे त्या मी उठायच्या आत येऊन बसलेल्या असायच्या. शिव्याही येऊ लागल्या, आणि त्या कुठून शिकल्या हे मला विचारू नका. सकाळी सकाळी धडाम धडाम ऐकून दोनतीन बायका फाटकाशी डोकावून गेल्या, कुणाचा नवरा आहे ते बघायला. मी दोन्यांना बियरच्या खोक्यांमागे बसवलं आणि सांगितलं, पुड्या दमट झाल्यात का ते तपासतोय.

दुखणं आलं, भरपूर आलं. आता त्यांना चमचाही धरवेना. शनिवारी आलेल्यांना त्या काहीबाही सांगून परत पाठवू लागल्या: आज चंद्र बरा नाही, आज चरबी संपली. लोक दोनदा परत गेले, आणि तिसऱ्यांदा गिरणीच्या वाटेला लागले.

त्या शनिवारी दुपारी दोन्या माझ्या मैदानावरच्या बाकावर येऊन बसल्या. चकती मागितली नाही.

"स्वयंपाकघर रिकामं होतं आज," त्या म्हणाल्या. "पोर शहरात. नवरा दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले दोन गाईशी. शनिवारची माणसं हीच माझी माणसं, अनानियास. ती गेली तर मी चुलीपाशी बसून करू काय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझी किती गिऱ्हाइकं पळवली असतील, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. मी शाल आणली, त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणालो, चला गिरणीवर.

"तू पण आत यायचं," वाटेत त्यांनी बजावलं. "साक्षीला. मी खेळते म्हणून सांगायचं."

दोन्या बेलार्मिना चुलीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही आत गेलो तरी उठल्या नाहीत. मला ते जरा लागलं. कोमाद्रे इतक्या वर्षांनी दारात आली तर माणूस उठतो.

"या," त्या म्हणाल्या. "बसा. हात द्या."

हात मांडीवर घेऊन त्यांनी अंगठा ठेवला. चुलीत लाकूड तडतडत होतं. एदुविना छताकडे बघत होत्या.

"कशाने झालं?"

"तेहोने."

"तेहो?" बेलार्मिना माझ्याकडे वळल्या. "या तेहो खेळतात?"

"खेळतात म्हणजे काय, दोन्या," मी म्हणालो. "कौलं फोडलीत माझी."

त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला. "हं. इथे तेहो आहे खरा." मग अंगठा किंचित सरकला, शिरेच्या आतल्या बाजूला, आणि तिथेच थांबला. एदुविनांचा चेहरा पांढरा पडला. "पण हे इथलं जुनं आहे," बेलार्मिना सावकाश म्हणाल्या. "बरंच जुनं."

"तेही तेहोच," एदुविना म्हणाल्या. आवाज असा आला की तो त्यांचा आहे हे मला पटेना.

बेलार्मिनांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांचा शब्द खरा झाला होता, आणि तो अगदी त्यांच्या अंगठ्याखाली होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "तेहो तर तेहो."

आणि त्यांनी चोळायला घेतलं. अंगठ्याने, आडवं. हाताची नळी नाही, अंगाचा भार नाही. एदुविना छताकडे बघायचं विसरल्या.

"कोमाद्रे, तुम्ही अंगठ्याने चोळताय?"

"आज चालेल तेवढं."

"उठून नीट का नाही करत?"

"उठवत नाही. पाठीत उसण भरलीय."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"कशाने?"

दोन्या बेलार्मिनांनी माझ्याकडे एक नजर टाकली, मग चुलीकडे. "नाचून," त्या म्हणाल्या.

दोन्या बेलार्मिनांना नाचताना मी काय, माझ्या बापानेही पाहिलं नव्हतं. एदुविना उठल्या, खुर्चीमागे गेल्या आणि डावा हात त्यांच्या शालीखाली घालून मणक्यावरून खाली नेला. कमरेशी हात थांबला. एवढी वर्षं लोकांवर वाकून, सगळा भार टाकून ती पाठ पार गेली होती. मला उभ्या उभ्या कळलं, तर एदुविनांच्या बोटांना किती कळलं असेल. आता एक वाक्य बोलायचा अवकाश होता, की शनिवारची सगळी गर्दी पुन्हा त्यांच्या चुलीपाशी आली असती. आणि आयुष्यात त्यांनी कुणा दुखणेकऱ्याची थाप पचू दिली नव्हती. माझी तर कधीच नाही.

"कोणता नाच?" त्यांनी विचारलं.

"बाम्बुको."

"हं," एदुविना म्हणाल्या. "बाम्बुकोच आहे. पालथी पड बाकावर. अनानियास, तू भिंतीकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागून कण्हण्याचा आवाज आला, मग "हळू गं, मेले," आणि मग बराच वेळ दोघी काहीतरी पुटपुटत होत्या ते मला ऐकू आलं नाही. मला त्यात घ्यायची त्यांना गरज वाटली नाही, आणि त्याचा रागही मला आला नाही.

पुढच्या शनिवारी एदुविनांच्या स्वयंपाकघरात उंच पाठीची खुर्ची आली होती. बेलार्मिना तीत बसून आलेल्यांचे हात चाचपत होत्या. एदुविना शेजारच्या स्टुलावर, उजवा हात लोकरीत गुंडाळलेला. बाकं पुन्हा भरली होती. गिरणीकडची माणसंही होती, त्यामुळे जरा दाटीवाटीच होती.

"दोन्या एदुविना," कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "हाताला काय झालं हो?"

एदुविनांनी तोंड उघडलं, पण उत्तर आलं खुर्चीतून.

"तेहो," बेलार्मिना म्हणाल्या. "मी हात लावून पाहिलाय. पहाटे उठून खेळते ही. सांगून ऐकते का?"

आता कुणी एदुविनांना काही विचारणार नव्हतं, कारण खुद्द गिरणीवालीने सांगितलं होतं. एदुविनांनी एकदा बेलार्मिनांकडे बघितलं. मग त्या बाईकडे वळल्या.

"आणि ही खुर्चीतून का उठत नाही ते विचार ना," त्या म्हणाल्या. "नाचली. या वयात."

सगळे हसले. त्या दोघी मात्र हसल्या नाहीत. बेलार्मिनांनी पुढचा हात मांडीवर घेतला, आणि एदुविना डाव्या हाताने चरबी गरम करायला ठेवत म्हणाल्या, "जरा वर चाचपून बघ गं, मला तो बटाट्याचा वाटत नाही."