कढी आणि कावीळ

गेल्या उन्हाळ्यात मी साधारण सात आठवडे मरत होते, आणि ही गोष्ट मी घरात कुणालाही सांगितली नव्हती.

सांगण्यासारखं काही नव्हतंच. दुखत नव्हतं, ताप नव्हता. फक्त कुणीतरी मला आतून थोडं थोडं काढून नेत होतं. नऊ तास झोपून उठले की झोपण्याआधीपेक्षा जास्त थकलेली असायचे. डोंबिवलीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पायरीवर बसायचे आणि कुणी आलं की फोन बघतेय असं दाखवायचे. तळपायांना मुंग्या यायच्या. वाटायचं, कुणीतरी बोटाने तळव्यावर काहीतरी लिहितंय आणि मला ते वाचता येत नाहीये. चार घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. एकदा तर दुसऱ्या मजल्यावरच्याच दाराला मी बराच वेळ आमची किल्ली लावत उभी होते. आतून आवाज आला, "कोण आहे?" आणि मला पटकन उत्तर आठवेना.

नौपाड्यात एका आर्किटेक्टकडे मी ड्रॉइंग्ज काढते. तिथे मी एका वन बीएचकेचं बाथरूम काढलं, त्याला दारच नव्हतं. चार भिंती, आत कमोड. सरांनी कागद बराच वेळ बघितला आणि शांतपणे विचारलं, "यात माणूस जाणार कसा?" मला मात्र आत आधीच कुणीतरी आहे असं वाटत होतं. (हे मी बोलले नाही. मी फारसं काहीच बोलत नाही.) सर भले आहेत. म्हणाले, आधी तब्येत दाखव, एक महिना घे, मग तुला पर्मनंट करण्याचं बघू. म्हणजे महिन्याभरात मला काय झालंय हे शोधायचं होतं, नाहीतर नोकरी गेली.

आमच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि तोवर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. मी घरी जाहीर केलं की रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी एकही गोळी घेणार नाही. अंदाजाने औषधं घेणं अशास्त्रीय आहे. बाबा प्रभावित झाले. खरी गोष्ट अशी की मला सुईची भयंकर भीती वाटते. त्यामुळे तपासणी नाही आणि तपासणी नाही म्हणून गोळी नाही, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन होता. (रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल मी गोळीत धरत नव्हते. ती दोन वर्षं चालू होती. दात घासण्यासारखी.)

आणि मग घरात कढी सुरू झाली.

आमच्याकडे कढी महिन्यातून एकदा होते. आता रोज व्हायला लागली. बाबांच्या वाटीत पांढरं ताक, आईच्या वाटीत पांढरं ताक, माझ्या वाटीत पिवळीधमक कढी. तिला एक विचित्र वास यायचा, जुन्या औषधाच्या कपाटासारखा, आणि शेवटच्या घोटाला कडवट चव. आई समोर बसायची. वाटी रिकामी होईपर्यंत माझ्याकडे बघत राहायची. नजर हलवायची नाही, जेवायची नाही. वाटी संपली की उठायची आणि ती वाटी वेगळी धुवायची.

एका दुपारी मी पडून होते. आई स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. पलीकडे कल्याणची आत्या असणार, कारण आई 'वन्सं' म्हणत होती.

"हो, दिलं आजही. … नाही हो, काही कळत नाही तिला. … जरा कडू लागतं, पण हिंग जास्त घालते मी. … दोन करू? बरं. उद्यापासून दोन करते."

मी पांघरुणात तशीच पडून राहिले. एखाद्या धीट मुलीने उठून विचारलं असतं. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप कढी प्यायले. ती खरंच जास्त कडू होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये माझ्या लक्षात आलं की माझ्या लघवीचा रंग बदललाय. साधा पिवळा नव्हे. रस्त्यावर काम करणारे लोक घालतात त्या जॅकेटसारखा चमकणारा पिवळा. दिवा बंद केला असता तर उजेड पडला असता असं मला वाटलं. (मी बंद केला नाही. हिंमत झाली नाही.) तिथेच उभं राहून फोनवर शोधलं. पाचव्या मिनिटाला मला कावीळ होती आणि दहाव्या मिनिटाला यकृत संपलं होतं.

पण कावीळ वाचून मला मनातून थोडं बरंही वाटलं. कारण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी पल्लवी नेहमी सांगायची, की तिची आजेसासू कावीळ उतरवते. खाडीकडच्या त्यांच्या गावात, फक्त रविवारी आणि बुधवारी. हातावर चुना लावून पाणी सोडायचं, सगळं पिवळं बाहेर येतं. सुई नाही. मी इंग्रजी शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकले आहे. त्या बारा वर्षांतलं मला त्या क्षणी फक्त 'सुई नाही' एवढंच आठवत होतं.

पल्लवीने नियम सांगितले. उपाशीपोटी यायचं. घरून निघाल्यापासून तिथे पोचेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर गुण येत नाही. आणि पैसे विचारायचे नाहीत, म्हातारी घेत नाही.

रविवारी सकाळी मी कपडे करून चपला घालत होते. आईने विचारलं कुठे निघालीस. मी तिच्याकडे बघितलं आणि काही बोलले नाही. ती म्हणाली, चहा तरी घे. मी मान हलवली. तिने माझा दंड धरला, "अगं, बोल ना काहीतरी." मी हळूच तिची बोटं सोडवली, एक एक करून, आणि जिना उतरले. रिक्षावाल्याला गावाचं नाव फोनवर लिहून दाखवलं. त्याने दया येऊन हळू चालवली.

नंतर कळलं की आईने त्याच मिनिटाला आत्याला फोन केला होता. आत्या नेमकी डोंबिवली स्टेशनला उतरून आमच्याकडेच येत होती. आई रडत सांगत होती की दोन-दोन गोळ्यांनी पोरीची वाचा गेली. आत्या तीस वर्षं नर्स होती, ती म्हणे, "वहिनी, बी-कॉम्प्लेक्सने कुणाची वाचा जात नाही." पण ती रिक्षा मात्र फिरवून घेऊन आली आणि ती मुकी मुलगी कुठल्या गावाला गेली हे स्टँडवर विचारून दोघी माझ्या मागे निघाल्या.

मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारीच्या अंगणात शेणाने सारवलेली जमीन होती, भिंतीला सुकत टाकलेलं जाळं होतं, आणि माझ्या आधी आलेले सात-आठ लोक ओळीने बसले होते. कुणीच बोलत नव्हतं. एक कावळासुद्धा नव्हता. माझी पाळी आली. म्हातारीने कसल्यातरी सालीचा रस आणि चुना माझ्या तळहातांवर चोळला, ओठ हलवत राहिली, मग लोट्यातलं पाणी सोडलं. खाली पितळेची परात होती.

पाणी पिवळं झालं. नुसतं पिवळं नाही, कढीचा रंग. तो माझ्या बोटांमधून दाट धारेने गळत होता आणि मी बघत होते की माझ्या आत एवढं काय काय होतं. तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. कुणीतरी परत लिहायला लागलं होतं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"सोडा तिला! मीच दिलंय तिला, मीच!"

सगळी ओळ वळून आईकडे बघायला लागली. आई हुंदके देत कबुली देत होती. रोज कढीत गोळी कुटून घालत होते, आधी एक, मग दोन, वन्संनी सांगितलं म्हणून. ओळीतला एक माणूस सरकून लांब बसला. आत्या घाईघाईने सगळ्यांना सांगायला लागली की गोळी जीवनसत्त्वाची आहे, सरकारी दवाखान्यातसुद्धा देतात. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "इथे कशाला आलीस तू?"

मी पोचले होते, म्हणजे आता बोलायची परवानगी होती. लघवीचा रंग सात-आठ अनोळखी माणसांसमोर सांगणं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण.

आत्याने कपाळाला हात लावला. "बी-कॉम्प्लेक्सने पिवळीच होते गं! सगळ्यांची होते."

"मग हे काय?" मी परातीकडे बोट दाखवलं.

म्हातारीने आईला खाली बसवलं, तिच्या हातावर रस चोळला, चुना चोळला, पाणी सोडलं. पाणी पिवळं झालं. आई किंचाळली, मलाही कावीळ झाली! मग म्हातारीने आत्याला बसवलं. पुन्हा पिवळं.

"सगल्यांचाच पिवला व्हतं," म्हातारी म्हणाली. मग माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली, जीभ काढायला लावली, आणि आत्याकडे बघून बोलली, "ही काविल नाय गो बाय. डोले पांढरे हाईत. पोरीच्या आंगान रगात नाय. दवाखान्यान ने तिला, सुई टोचून बघ."

ओळीतल्या इतर लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीही उठलं नाही.

आत्याने मला तिथून थेट लॅबमध्ये नेलं. एका हाताने तिने माझे डोळे झाकले, दुसऱ्या हाताने खांदा दाबून धरला. सुई टोचल्याचं मला समजलंच नाही, कारण त्याआधीच मी बेशुद्ध पडले होते.

रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह इतकं खाली होतं की आत्याने गाठून दिलेल्या पोटाच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मुंग्या, विसरणं, थकवा, गुळगुळीत झालेली जीभ, सगळं त्यातच बसत होतं. त्यांनी विचारलं, रोज काय काय घेता? मी म्हटलं काहीच नाही. आईने कोपर मारलं, तेव्हा मी कॅप्सूलचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. अन्नातून हे जीवनसत्त्व सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि मी दोन वर्षं रोज सकाळी ते आम्ल बंद करत होते, तेही शाकाहारी असून; कढीतल्या गोळ्यांत हे जीवनसत्त्व नावापुरतंच होतं. "कुणी लिहून दिली होती ही?" त्यांनी विचारलं.

कुणी नाही. मीच. इंटरनेटवर वाचून. म्हणजे मला आतून काढून नेणारं ते जे कोणी होतं, ते रोज सकाळी माझ्याच हाताने पाणी पीत होतं.

इंजेक्शनांचा कोर्स कल्याणला आत्याकडे झाला. सहाव्या इंजेक्शनानंतर तिसरा मजला एका दमात आला. बाथरूमला दार आलं. सरांनी पर्मनंटचं पत्र दिलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सगळं अगदी नॉर्मल आहे, आता थकवा वाटायचं काहीही कारण नाही.

त्या रविवारी मी साडेदहापर्यंत लोळत होते. आई दारात येऊन उभी राहिली आणि काळजीने विचारलं, आत्याला फोन लावू का. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नको. रिपोर्ट बघितला मी. आता जे उरलंय, तो तिचा स्वभाव आहे."