कड्याच्या सावलीतलं फूल

श्रावणात मावळातल्या एका कड्याच्या सावलीत मला ते झाड दिसलं. झाड कसलं, वीतभरही नाही. ओल्या खडकाला चिकटलेलं एक गोल पान आणि नाजूक देठावर दोन-तीन गुलाबी फुलं. त्याचं नाव तेव्हा माहीत नव्हतं, अजूनही नाही. जिथलं तिथं राहू द्यायचं सोडून मी ते गड्ड्यासकट उपटलं आणि चाकणला आमच्या कंपनीत, क्वालिटीच्या ऑफिसात कुंडीत लावलं. येणारा-जाणारा कौतुक करायचा आणि मी फुगायचो.

कुंडीला पाणी घालायचं काम सफाईच्या मावशींकडे होतं. त्या कंत्राटी, मावळातल्याच एका डोंगराकडच्या गावच्या. दिवाळीनंतर पान पिवळं पडून गळालं, कुंडीत नुसती माती राहिली. त्यातच ऑडिट तोंडावर आलं.

"पाणी घातलं नाहीत ना?" मी सगळ्यांसमोर डाफरलो.

"रोज घालते की साहेब. आन् त्ये मेलं न्हाई. खाली गड्डा हाय, झोपलाय. पावसाळ्यात उठंल."

मला ती थाप वाटली. मशीन बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारून कारण शोधतो आणि ते एका फॉर्मवर लिहितो. ती सवय अंगात इतकी भिनलेली, की मी झाडासाठीही तो फॉर्म भरला. पाचव्या 'का'पाशी मावशींचा निष्काळजीपणा निघाला. गंमत म्हणून भरला, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण खालची सही खरी होती. कागद कंत्राटदाराकडे गेला आणि पुढच्या सोमवारी मावशींचा गेटपास बंद झाला. कुंडी मीच कचऱ्यात उलटी केली.

उन्हाळ्यात मित्रांबरोबर त्या कड्याशी गेलो, तेव्हा तिथे कोरडा ठणठणीत दगड होता. आषाढात पुन्हा गेलो, तर त्याच दगडाच्या भेगांतून गोल पानं वर आलेली, कितीतरी. कोणी पाणी घालायला गेलं नव्हतं. लाजेनं माझी कानशिलं तापली. खाली उतरल्याबरोबर मावशींना परत घ्या म्हणून कंत्राटदाराला फोन केला. त्या जागेवर दुसरी बाई कधीच लागली होती.

महिन्याभराने थेरगावच्या बाजारात मावशी दिसल्या, कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या. माफी कशी मागायची हे मी मनात कितीदा तरी घोकलं होतं. मला पाहताच त्या गडबडीने उठून उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "साहेब, देवाशप्पत, पाणी मी रोज घालत व्हते."